प्लगची मिटलेली फट

स्पार्क प्लगच्या दोन टोकांमधली फट वापराने वाढते. कमी होत नाही. ठिणगीगणिक धातूचा डोळ्यांना न दिसणारा कण झिजतो आणि अंतर रुंदावत जाते. फट बुजलीच तर ती काजळीने बुजते, आणि काजळी काळी असते. आप्पासाहेब औताडे यांनी त्या रविवारी सकाळी स्कूटरमधून काढलेल्या प्लगची फट मात्र पूर्ण मिटलेली होती आणि एकमेकांना टेकलेली दोन्ही टोके स्वच्छ, चकचकीत होती. याचा अर्थ एकच होता. कोणीतरी प्लग काढला होता, त्याचे टोक ठोकून खाली टेकवले होते आणि तो पुन्हा जागच्या जागी बसवला होता.

भावसिंगपुऱ्यातल्या घराच्या अंगणात स्कूटर स्टँडवर उभी होती. खुलताबादच्या शेतावर जाण्यासाठी तयार झालेल्या द्वारकाबाई ओट्यावर बसल्या होत्या आणि भाकरीची पिशवी स्कूटरच्या पुढच्या आकड्याला अडकवलेली होती.

"काय झालं?" त्यांनी विचारले.

"फट मिटली आहे."

"मंग करा की मोकळी. पत्ती घालून."

"मोकळी करायला काय लागतं? मिटवली कोणी, ते सांग."

"मला काय इचारता? गाडी तुमची."

आप्पासाहेबांनी पातळ पोलादी पत्ती घालून फट मोजून मोकळी केली. प्लग बसवताच स्कूटर पहिल्याच किकला सुरू झाली. ती त्यांनी लगेच बंद केली आणि पिशवी आकड्यावरून काढून ओट्यावर ठेवली.

"आता काऊन?"

"परका हात लागलेली गाडी मी घाटात नेणार नाही. ज्याने प्लग काढला त्याने ब्रेकची वायर सैल केली नसेल कशावरून?"

पुलिस ॲक्शन झाली तेव्हा आप्पासाहेब हैदराबादला तंत्रशिक्षण घेत होते. उर्दूतून शिकलेल्या त्या विद्येतला एक नियम त्यांनी सरकारी कारखान्यातल्या सगळ्या नोकरीत पाळला आणि निवृत्तीनंतर घरी आणला: ज्या यंत्राला अनोळखी हात लागला, ते पुर्जा पुर्जा तपासल्याशिवाय चालवायचे नाही. त्याप्रमाणे त्या रविवारी त्यांनी दोन्ही चाके उतरवली, ब्रेकचे लायनर पाहिले, क्लचची आणि गिअरची वायर टोकापर्यंत चाचपली. काहीही बिघडलेले नव्हते, आणि त्यामुळेच त्यांचा संशय वाढला. चोर काही नेतो. खोडसाळ माणूस काही मोडतो. हा तिसऱ्याच जातीचा माणूस होता.

शिवाय, प्लग ज्या रीतीने बसवलेला होता ती रीत त्यांना अस्वस्थ करत होती. वॉशर पुसलेला होता. प्लग आधी हाताने पूर्ण फिरवून मग पान्याने बेताचाच आवळलेला होता. असे करणारा माणूस शिकलेला असला पाहिजे.

शिकलेला असा एकच हात त्यांना आठवला. छावणीच्या बाजारात फकिराचे गॅरेज होते आणि अलीकडेच त्याच्याशी आप्पासाहेबांचे वाजले होते. कारण घाटातले होते. खुलताबादहून परतताना दौलताबादच्या घाटात उतारावर त्यांनी तिसऱ्यातून दुसरा गिअर टाकला, पण तो पडला नाही. गाडी न्यूट्रलमध्ये सुटली. खाली रस्त्यावरची जुनी दगडी वेस आली होती आणि समोरून एसटी त्या वेशीत शिरत होती. दोन्ही ब्रेक दाबून, घसरत, स्कूटर वेशीच्या भिंतीजवळ थांबली. द्वारकाबाई मागे होत्या. घरी आल्यावर आप्पासाहेब म्हणाले, "फकिराने वायर हलकी टाकली," आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फकिरालाच सगळ्या गिऱ्हाइकांसमोर तसे सुनावले.

तेव्हा फकिराने स्कूटर स्टँडवर घेऊन चारही गिअर टाकून दाखवले होते.

"पडतो का नाय, आप्पा?"

"स्टँडवर पडतो. घाटात पडत नाही."

"घाटात वायर दुसरी व्हती का मंग?"

गिऱ्हाइके हसली होती. आप्पासाहेबांनी त्याच्याकडून नवी वायर बसवून घेतली आणि ती बसेपर्यंत स्टूल टाकून त्याच्या हातांकडे पाहत बसले.

आता ते पुन्हा त्याच्याकडे गेले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"शेंद्र्याला. मेहुण्याचं लगीन. काऊन?"

"माझ्या गाडीचा प्लग कोणीतरी काढला."

"चोरला?"

"नाही. पुन्हा बसवला."

फकिराने हातातले फडके खाली ठेवले. "आप्पा, तुम्ही स्टूल टाकून माझ्या डोस्क्यावर बसता तवा मी तुमच्या पुर्ज्याला हात लावायला भितो. आन् लग्नातली जेवणं सोडून तुमच्या अंगणात येऊन फुकट काम करीन व्हय? लग्नात इचारा, मी वाढपी व्हतो."

आप्पासाहेबांनी विचारले. फकिरा खरोखरच वाढपी होता.

पुढच्या शनिवारी दुपारी नेहमीची देखभाल झाली. ती व्हायची एका ठरलेल्या क्रमाने. टाकीतले पेट्रोल आणि त्यात मिसळलेले ऑईल, मग कार्ब्युरेटर, मग प्लग, मग वायरी, शेवटी चाकांची हवा. आप्पासाहेब पाटावर बसत आणि द्वारकाबाई शेजारी. पाने आणि फडके त्या देत. नवी स्कूटर बुकिंगचा नंबर लागून घरी आली तेव्हापासूनची ही पद्धत होती. आप्पासाहेबांनी हात पुढे केला की योग्य तो पाना हातात येई, मागावा लागत नसे.

त्या शनिवारी काम संपल्यावर त्यांनी एक गोष्ट जास्तीची केली. द्वारकाबाई आत गेल्यावर इंजिनावरच्या पत्र्याच्या झाकणाच्या फटीवर शिवणाचा पांढरा दोरा आडवा धरून दोन्ही टोके डिंकाने चिकटवली. फाटकाला आतून कुलूप लावले, रात्री रामकिसनला पाळीवर जाण्यापुरते ते स्वतः उघडून पुन्हा लावले आणि किल्ली उशाखाली ठेवली.

रविवारी सकाळी कुलूप जसेच्या तसे होते. दोरा तुटलेला होता. फट मिटलेली होती.

त्या सकाळी आप्पासाहेबांनी फट मोकळी केली नाही. प्लग हातात धरून ते ओट्यावर बसून राहिले. कुलूप शाबूत असेल तर हात घरातला होता. घरात चार माणसे राहत होती. ते स्वतः, द्वारकाबाई, मुलगा रामकिसन आणि सून सरूबाई. सरूबाई पान्याला हात लावणारी नव्हती. द्वारकाबाई स्वतः जायला तयार होऊन बसल्या होत्या. उरला रामकिसन. तो चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता, म्हणजे शिकलेला हात होता. आणि त्याच्याजवळ कारण होते.

रामकिसनने वर्षभरापूर्वी मोटारसायकल घेतली होती आणि गेले काही महिने तो एकाच विषयावर बोलत होता.

"आप्पा, आपण अदलाबदल करू. फटफटी तुम्ही घ्या, स्कूटर मला द्या. मला सरूला घेऊन फिरायला ती बरी. आन् घाटात मोठी चाकं चांगली."

आप्पासाहेबांनी हा प्रस्ताव हसण्यावारी नेला नव्हता. रीतसर तपासला होता. मोटारसायकलची चाके मोठी, रस्त्यावरची पकड चांगली, वजन दोन्ही बाजूंना सारखे. स्कूटरचे इंजिन उजव्या अंगाला, त्यामुळे ती सतत त्या बाजूला ओढते. खड्ड्यात तिची लहान चाके पूर्ण उतरतात. एवढे त्यांनी मोटारसायकलच्या बाजूने मान्य केले. पण स्कूटरला स्टेपनी होती. घाटात पंक्चर झाले तर आपल्या हाताने चाक बदलून पुढे जाता येते. पायाशी बियाण्याचे पोते उभे राहते. चेन नाही, म्हणून चेनला ऑईल नाही आणि लुगड्याला डाग नाही. आणि सर्वांत मोठी बाब अशी की तिचे सीट खाली होते. द्वारकाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. स्कूटरवर त्या सहज टेकून बसत. मोटारसायकलच्या उंच सीटवर त्यांना चढता येत नव्हते. एकदा प्रयत्न केला तेव्हा त्या अर्ध्यातूनच उतरल्या आणि म्हणाल्या, "घोड्यावर बसायचं वय गेलं माझं."

म्हणजे मोटारसायकल घेणे याचा अर्थ द्वारकाबाईंना घरी ठेवून शेतावर एकट्याने जाणे. सासऱ्याने विहिरीसकट द्वारकाबाईंच्या नावे केलेले ते शेत होते, आणि आठवड्यातून एकदा बांधावरून फिरणे ही त्यांची एकमेव चैन होती. आप्पासाहेबांनी नकार दिला तो यासाठी. रामकिसनला नकार पटलेला नव्हता. आणि नकारानंतरच स्कूटर लागोपाठ दोन रविवारी बंद पडली होती. बापाचा स्कूटरवरचा भरवसा उडाला की अदलाबदल आपोआप होईल, असा हिशेब असणार.

रामकिसन रात्रपाळी करून आला तेव्हा आप्पासाहेब तसेच बसलेले होते.

"हे काय आहे?" त्यांनी प्लग पुढे केला.

"प्लग."

"फट बघ."

"मिटली." रामकिसनने प्लग उजेडात धरला. "ठोकलाय कोणीतरी."

"कोणी?"

"मला काय म्हाईत?"

"फाटकाला आतून कुलूप होतं. घरात पाना धरता येणारे दोघे. एक मी."

रामकिसनला समजायला क्षणभर लागला. मग त्याचा आवाज बदलला. "म्हंजे मी केलं?"

"तुला स्कूटर पाहिजे आहे."

"पाहिजे म्हणून मागितली, आप्पा. तोंडानं मागितली. चोरून बापाची गाडी बंद पाडीन का मी? आन् रातभर मी कारखान्यात व्हतो."

"पाळीवर तू रात्री गेलास. संध्याकाळी घरी होतास."

"व्हय, व्हतो! जेवत व्हतो!" रामकिसनने प्लग ओट्यावर ठेवला. "ठीक हाये. चिकलठाण्याला मला खोली मिळती, किती दिवसांपून सांगून ऱ्हायले लोक. मीच माय-बापाला सोडून जायचं नाय म्हणत व्हतो. आता जातो. बापाला लेकावर इश्वास नाय त्या घरात कशाला ऱ्हायचं?" तो दाराकडे वळून ओरडला, "सरू, ट्रंक काढ!"

दारात उभ्या असलेल्या सरूबाईने एकदा नवऱ्याकडे आणि एकदा सासूकडे पाहिले. ती हलली नाही.

"जायचं तर जा," आप्पासाहेब म्हणाले. "पण आधी कबूल कर."

"कशाचं कबूल करू?"

तेवढ्यात द्वारकाबाई ओट्यावरून उतरल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, एक पायरी, मग दुसरी. अंगणात येऊन त्यांनी पाट सरकवला आणि स्कूटरच्या उजव्या बाजूला बसल्या. पान्यांच्या पेटीतून न शोधता एक जादा प्लग काढला, तो हाताने फिरवून इंजिनात बसवला आणि पान्याने आवळला. मग तोच पाना उलटा फिरवून सैल केला, प्लग बाहेर काढला, वॉशर पदराने पुसला, आणि प्लगचे टोक पायरीच्या दगडावर हलकेच ठोकले. एकदा पाहिले. पुन्हा ठोकले.

"ह्ये असं," त्या म्हणाल्या आणि प्लग नवऱ्याच्या पुढे धरला. "लेकाला बोलू नका."

मग रामकिसन खाली बसला आणि हसू लागला. ते हसू लवकरच थांबले, कारण आईचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

"तू?" आप्पासाहेब म्हणाले. "तू केलंस? कशासाठी? तुलाच तर शेतावर जायचं असतं."

"जायचंच असतं. जित्तं जायचंय आन् जित्तं यायचंय."

"म्हणजे?"

"गाडीवर मी डाव्या अंगाला तोंड करून बसते. मला रस्ता दिसत नाय. तुमचा डावा हात दिसतो." द्वारकाबाईंनी पाना खाली ठेवला. "उन्हाळ्यापसून बघते. क्लच दाबायला तुम्हाला चारी बोटं पुरत नाईत. मूठ वळत नाय म्हणून तुम्ही खांद्यानं हिसका देता, तवा कुठं गिअर पडतो. कवा पडतो, कवा नाय. त्या दिवशी वेशीपाशी नाय पडला."

"तेव्हा वायर..."

"वायर दोनदा बदलली. आता तिसऱ्यांदा बदला."

आप्पासाहेबांचा डावा हात गुडघ्यावर होता. तो त्यांनी उचलून मांडीखाली घेतला, आणि तो तिथे नेलेला सर्वांनी पाहिला.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मलाच म्हनला असता, तू मागं हालतेस म्हणून गिअर पडत नाय. खरं सांगा, म्हनला असता का नाय?"

आप्पासाहेबांनी तो प्लग हातात घेतला.

"पण माय," रामकिसन म्हणाला, "फट मोकळी करायला आप्पांना किती वेळ लागतो? मिटवून फायदा काय?"

"फट मोकळी करतेत, पण परक्याचा हात लागला म्हनल्यावर गाडी घाटात नेत नाईत. तपासत बसतेत. दिवस जातो. लगीन झाल्यापसून बघते मी ह्यांचा कायदा." त्या नवऱ्याकडे वळल्या. "कळावं म्हणूनच मिटवली. काजळी लावून मिटवली असती तर तुम्हाला संशय आला नसता. पुसून, साफ करून ठोकली."

"आणि दोरा?"

"दोरा दिसला. माझ्याच शिवणाच्या डब्यातला. तोडला म्हणजे आजून एक दिवस तपासताल, म्हणून तोडला." त्यांचा आवाज इथे पहिल्यांदा खाली आला. "पन तुम्ही रामकिसनला धरताल, ह्ये माझ्या ध्यानात आलं नाय. मला वाटलं, बाहेरच्याला धरताल."

आप्पासाहेबांनी त्या ठोकलेल्या प्लगवरून बोट फिरवले. काम निर्दोष होते. मग ते मुलाकडे न पाहता म्हणाले, "ट्रंक काढू नकोस."

"काढली कोणी?" रामकिसन म्हणाला. "तुमची सून जागची हालली तरी का?"

"हालते का मी," सरूबाई दारातून सासूकडे पाहत म्हणाली. "दोघं बाप-लेक एकाच मातीचे. आधी मामींना बोलू द्यावं म्हनलं."

प्रश्न मात्र तसाच उरला होता, आणि तो आता आप्पासाहेबांना पूर्ण मांडता येत होता. स्कूटरचा गिअर मुठीत. ती त्यांच्या मनगटावर चालते. मोटारसायकलचा गिअर पायात; पण तिच्यावर चढायला द्वारकाबाईंचे गुडघे लागतात. जे वाहन एकाला झेपते ते दुसऱ्याला झेपत नाही. त्यांनी हे तसेच सांगितले, कारखान्यात अडचण सांगावी तसे, आणि कोणाचेही नाव न घेता.

"मंग दोन्ही काढू," रामकिसन म्हणाला. "पुढच्या रविवारी माझी सुट्टी. मायला मी स्कूटरवर आणतो, तुम्ही फटफटी घ्या. अदलाबदल नाय, येका दिवसापुरतं."

आप्पासाहेबांनी संशयाने त्याच्याकडे पाहिले. "म्हणजे स्कूटर शेवटी तुझ्याच हातात."

"बघा! आजून संशय!"

"दुसरा गिअर उतारावर क्लच पूर्ण दाबूनच टाकायचा. घासून टाकशील."

"मी फिटर हाये, आप्पा."

"म्हणून सांगतो."

आठवडाभर आप्पासाहेब सकाळी छावणीतल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर मोटारसायकल घेऊन जात. पायाने गिअर टाकणे दोन दिवसांत बसले. क्लच तेवढा उरला होता. तो डाव्या हातातच होता. दांडा हलका असला तरी दाबावा लागत होताच. याविषयी ते घरी काही बोलले नाहीत.

रविवारी पडेगाव, मिटमिटा मागे पडले आणि घाट लागला. रामकिसन स्कूटर घेऊन पुढे होता आणि आप्पासाहेब काही अंतर ठेवून मागे. आपली स्कूटर चालताना त्यांनी मागून कधी पाहिली नव्हती. ती उजवीकडे किंचित कललेली होती. मुलाने चढावर गिअर वेळेवर उतरवले; आवाजावरून त्यांना कळत होते आणि एकदाही चूक सापडली नाही. मग त्यांच्या लक्षात आले की द्वारकाबाई समोरच्या डोंगराकडे पाहत नाहीत. डावीकडे तोंड करून बसलेली बाई मान पूर्ण मागे वळवून त्यांच्याकडे पाहत होती. प्रत्येक वळणावर मोटारसायकलला किंचित हिसका बसला की ती मान आणखी थोडी वळे. वेशीतून जाताना त्यांनी पदर सावरण्यासाठी मान फिरवली आणि लगेच पुन्हा मागे आणली.

शेतावर दोन्ही गाड्या बाभळीखाली उभ्या राहिल्या. मोटेच्या जागी बसवलेल्या इंजिनाकडे रामकिसन गेला. द्वारकाबाई स्कूटरवरून उतरल्या, पण बांधाकडे निघाल्या नाहीत. मोटारसायकलजवळ येऊन उभ्या राहिल्या.

"क्लच उशिरा सुटतो तुमचा," त्या म्हणाल्या.

"नवी गाडी आहे. सवय होईल."

"गाडीचं नाय म्हणत मी."

आप्पासाहेबांनी इंजिन बंद केले, चावी काढली, खिशात ठेवली. त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही तेव्हा त्यांनी डावा हात पुढे केला, तळवा वर करून.

"कोन्ती बोटं?"

"करंगळी. आणि तिच्या शेजारचं."

द्वारकाबाईंनी करंगळीचे टोक नखाने दाबले. "कळतं?"

"नाही."

"आन् हितं?"

"तिथे कळतं. थोडं."

"कवापसून?"

"निवृत्त व्हायच्या आधीपासून."

हात तसाच धरून त्यांनी दुसरे बोट दाबले, मग मनगट, मग कोपरापर्यंत एकेक जागा, क्रमाने, एकही न सोडता. आप्पासाहेब प्रत्येक जागेला खरे उत्तर देत उभे राहिले.

"उद्या डाक्टर," द्वारकाबाई म्हणाल्या. "आन् जाताना फटफटी रामकिसन चालवील, तुम्ही त्याच्या मागं बसा."

"आणि तू? आणि स्कूटर?"

"स्कूटर ऱ्हाईल बांधाशेजारच्या मल्हारीच्या गोठ्यात पुढच्या रविवारपर्यंत. मी एसटीनं येते." त्यांनी हात सोडला आणि बांधाकडे वळल्या. "गोठ्याला कुलूप लावून किल्ली तुमच्यापाशी ठेवा, म्हंजे झोप लागंल."